रजा मागणाऱ्याची मान खाली का?

मगरिबच्या अजानला दहा मिनिटे उरली की घरोघरी दस्तरखान पसरला जातो. खजूर, कलिंगडाच्या फोडी, गरम भजी, सरबत. लहान मुले मशिदीच्या भोंग्याकडे कान लावून बसतात. त्याच दहा मिनिटांत कुठल्याशा रुग्णालयाच्या वॉर्डात एक परिचारिका एका हाताने सलाइनची बाटली बदलत असते आणि दुसऱ्या हाताने खिशातला खजूर चाचपत असते. अजान होते, खजूर तोंडात जातो, दोन घोट पाणी पोटात जाते आणि लगेच ‘सिस्टर, सिस्टर’ अशी हाक येते. तिचा इफ्तार एवढाच.

ही परिचारिका माझी भाची. पेणच्या बाजूच्या गावातून ती रोज एसटीने पनवेलकडे कामाला जाते. गेल्या रमजानमध्ये मी तिला सहज विचारले, ‘रोजा ठेवून एवढे तास उभं राहायचं, जड जात असेल ना गं?’ ती हसली. म्हणाली, ‘मामू, रोजा नाही जड जात. सुट्टी मागणं जड जातं. रजेचा अर्ज पुढे केला की मान आपोआप खाली जाते. चोरी केल्यासारखं वाटतं.’

तिचे हे शब्द वर्षभर मनात घोळत राहिले. आजारी माणसाची सेवा ही मोठी नेकी आहे, असे आपण सगळेच मानतो. मग ती नेकी करणाऱ्याला एक दिवस विसावा मागताना चोरट्यासारखे का वाटावे?

शिरढोणची एक रजा

भाचीच्या रोजच्या वाटेवर शिरढोण लागते. पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने निघाले, पळस्पे फाटा मागे टाकला की कर्नाळ्याच्या अलीकडे हे गाव. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म इथलाच, ४ नोव्हेंबर १८४५ चा. त्यांचे १८७९ चे बंड, रामोशी-कोळी-भिल्लांची त्यांनी केलेली जमवाजमव, पुढे रोहिल्यांची मदत मिळवण्याची त्यांची धडपड, विजापूरच्या बाजूला झालेली अटक आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात आलेला मृत्यू, हे शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असते. त्याआधीची एक गोष्ट मात्र आपण घाईने ओलांडून जातो.

फडके तेव्हा पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. शिरढोणला आई आजारी असल्याचे कळले. त्यांनी रजा मागितली. रजा वेळेवर मिळाली नाही. ते गावी पोचले तेव्हा आई गेलेली होती. पुढच्या वर्षी वर्षश्राद्धासाठी मागितलेली रजाही नाकारली गेली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

एका रजेच्या अर्जातून बंड उभे राहिले असे म्हणणे खोटे ठरेल. त्यामागे १८७६-७७ चा भीषण दुष्काळ होता, परक्या राज्याची लूट होती. पण माणसाच्या घरच्या दुःखाला ज्या कचेरीच्या लेखी काही किंमत नाही, त्या कचेरीवरून माणसाचे मन उडते. आज दीडशे वर्षांनी त्याच शिरढोणवरून जाणाऱ्या एसटीत बसलेली मुलगी दुसऱ्यांच्या आयांची शुश्रूषा करायला जाते आणि स्वतःच्या आईला ताप आला तर सुट्टी मागायला कचरते. कचेरी परक्यांची राहिलेली नाही, राज्यही परक्यांचे नाही. मान मात्र अजून खालीच आहे.

थकणे वेगळे, करपणे वेगळे

दिवसभराच्या कामाने माणूस थकतो, रात्री झोपला की सकाळी ताजा होतो. ही थकवणूक वाईट नाही. पण काही थकवे झोपेने जात नाहीत. कामावर जायच्या विचारानेच छातीत धडधडते, रुग्णाच्या रडण्याचे काही वाटेनासे होते, आपण करतो त्याला काही अर्थ नाही असे वाटू लागते. याला आता सगळे जग ‘बर्नआउट’ म्हणते.

हा शब्द मानसशास्त्रात रूढ केला तो न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी, १९७४ साली. त्यांनी हे पाहिले ते गरिबांसाठी चालवलेल्या एका मोफत दवाखान्यात, तिथल्या स्वयंसेवकांमध्ये आणि स्वतःमध्येही. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. करपून जाणारे लोक कामचुकार नव्हते, सर्वांत मन लावून काम करणारेच होते. पुढे क्रिस्टिना मॅस्लाक यांनी त्याची तीन लक्षणे मांडली: मनाची ओल आटणे, समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याची शक्ती जाणे आणि आपल्या हातून काही चांगले होते यावरचा विश्वास उडणे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट सांगितली. हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने होणारी ही अवस्था आहे. म्हणजे दोष कर्मचाऱ्याच्या मनाचा कमकुवतपणा नाही, कामाच्या रचनेचा आहे.

आपल्या आयांना हे वेगळ्या शब्दांत माहीत होते. भाकरी का करपली? फिरवली नाही म्हणून. पीठ चांगले होते, तवा चांगला होता, जाळही ठीक होता, पण वेळेवर उलटली नाही. रुग्णालयातल्या माणसांचे हेच होते. त्यांना वेळेवर फिरवावे लागते, तव्यावरून उतरवावे लागते. करपलेल्या भाकरीला ‘तू मनाने खंबीर हो’ असे सांगून काय उपयोग?

तंबू ठोकणाऱ्यांचे पुण्य

रमजानच्या या पानावर धर्माचे बोलणे ओघाने येतेच. सेवा करणाऱ्याने स्वतःला जाळून घ्यावे, असे आपला दीन सांगतो का? मला तरी तसे दिसत नाही.

रोज्याचा हुकूम देतानाच पवित्र कुरआनने आजारी माणसाला आणि प्रवाशाला सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करावेत. अल्लाहला तुमची सोय हवी आहे, अडचण नको, असा त्या आयतींचा आशय आहे. या सवलतीला ‘रुखसत’ म्हणतात. ही सवलत खुद्द अल्लाहने दिलेली आहे. ती घेणारा माणूस चोर ठरत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या एका प्रवासाचा प्रसंग हदीसमध्ये आला आहे. कडक ऊन होते. काही साथीदारांनी रोजा ठेवला होता, काहींनी नव्हता. मुक्कामाला पोचल्यावर रोजेदार थकून पडले. रोजा नसलेल्यांनी उठून तंबू ठोकले, जनावरांना पाणी पाजले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले की आजचे सारे पुण्य रोजा नसलेले लोक घेऊन गेले. वॉर्डात ज्या सहकाऱ्याचा रोजा नाही, जो दुसऱ्या धर्माचा आहे आणि इफ्तारच्या वेळी ‘तू जा, मी बघते’ म्हणून पुढे येतो, तो मला त्या तंबू ठोकणाऱ्यांच्या रांगेतला वाटतो.

दुसरा प्रसंग हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दर्दा यांचा. अबू दर्दा दिवसभर रोजा ठेवायचे, रात्रभर नमाज पढायचे, घराकडे लक्ष नसे. सलमान पाहुणे म्हणून आले. त्यांनी आग्रह करून त्यांना आपल्यासोबत जेवायला लावले, रात्री उठू लागले तर झोपायला लावले, शेवटच्या प्रहरी मात्र दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावले की तुमच्यावर जसा परवरदिगारचा हक्क आहे तसा तुमच्या शरीराचा आणि घरच्यांचाही आहे, प्रत्येकाला त्याचा हक्क द्या. गोष्ट प्रेषितांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असा निर्वाळा दिला. इबादतीतही शरीराचा हक्क मारता येत नसेल, तर नोकरीत कसा मारता येईल?

तिसरा प्रसंग रमजानमधलाच. हिजरी सन २ मध्ये, १७ रमजानला बद्रची लढाई झाली. हजरत उस्मान त्या लढाईत नव्हते. त्यांच्या पत्नी आणि प्रेषितांच्या कन्या हजरत रुकय्या आजारी होत्या आणि प्रेषितांनीच त्यांना शुश्रूषेसाठी मदिनेत थांबायला सांगितले होते. लढाईनंतर उस्मान यांना बद्रमध्ये लढलेल्यांइतकाच वाटा आणि तेवढेच पुण्य मिळाले. घरच्या आजारी माणसाजवळ बसण्यासाठी मिळालेली ती रजा होती. ती देणारा सेनापती होता आणि समोर लढाई होती, तरी ती नाकारली गेली नाही.

आणि रुफैदा अस्लमिया यांना तर इस्लामच्या इतिहासातील पहिली परिचारिका म्हणतात. मदिनेच्या मशिदीत त्यांचा तंबू होता. खंदकाच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज यांना तिथेच ठेवले होते. शुश्रूषेची जागा मशिदीच्या आवारात होती. आजच्या परिचारिकेला आपण ‘नोकरी करते’ एवढ्या शब्दांत गुंडाळतो, तेव्हा हा तंबू आठवावा.

कागदावरचे तास

आता जमिनीवर येऊ. निवासी डॉक्टरांची सलग ड्युटी साधारण १२ तासांहून जास्त नसावी, आठवड्याला ४८ तास काम आणि एक दिवस सुट्टी असावी, असे केंद्र सरकारने १९९२ सालच्या निवासी डॉक्टर योजनेत लिहून ठेवले. २०२३ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांत तासांचा आकडा नव्हता; ‘वाजवी’ तास आणि ‘वाजवी’ विश्रांती असे शब्द होते. आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला किमान २० दिवस रजा एवढे मात्र स्पष्ट होते. २०२४ मध्ये आयोगाच्याच कृती गटाने डॉक्टरांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास करून आठवड्याला ७४ तासांहून जास्त काम नको, अशी शिफारस केली. १९९२ चे ४८ आणि २०२४ चे ७४. बत्तीस वर्षांत आपण कुठल्या दिशेने चाललो, हे दोन आकडेच सांगतात. आणि ७४ तासही ज्याला दिलासा वाटतो, त्याचा आठवडा किती तासांचा असेल?

परिचारिकांबाबतही तसेच. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार शिक्षण रुग्णालयात तीन खाटांमागे एक, साध्या रुग्णालयात पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका हवी. आपल्यापैकी जो कोणी कधी सरकारी वॉर्डात नातेवाइकाजवळ रात्र काढून आला असेल, त्याने तिथल्या खाटा आणि सिस्टर मनातल्या मनात मोजून पाहाव्यात.

हा फक्त कर्मचाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न नाही. अमेरिकेत बोस्टनच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागातील शिकाऊ डॉक्टरांचा अभ्यास झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २४ तासांहून लांब ड्युट्या असताना, कमी तासांच्या वेळापत्रकाच्या तुलनेत, गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या. न झोपलेल्या हाताने भरलेली सिरिंज आपल्याच आईच्या दंडात जाणार असते. त्याची रजा ही आपली सुरक्षा आहे.

महाराष्ट्राने गेल्या काही वर्षांत काय काय पाहिले ते आठवा. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी इतके मारले की त्याच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर ‘सामूहिक रजे’वर गेले. एकट्याची रजा कोणी ऐकत नाही म्हणून सगळ्यांना मिळून रजा घ्यावी लागते, असा त्या शब्दाचा अर्थ. मे २०१९ मध्ये, रमजान महिन्यातच, मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी या जळगावच्या निवासी डॉक्टरने जीव दिला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. निवाडा न्यायालय करील. पण कामाच्या जागी होणारा अपमान हाही ताणच असतो आणि त्याच्यावर योगासनांचा वर्ग हा उपाय नसतो, एवढे आपण शिकायला हरकत नाही.

आणि २०२१ चा रमजान कोण विसरेल? तो दुसऱ्या लाटेचा महिना. २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि किमान २२ रुग्ण डोळ्यांदेखत गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. मृतांसाठी आपण दुआ केली, मदत जाहीर झाली, चौकशा झाल्या. पण त्या वॉर्डात उभे असलेले वॉर्डबॉय, सिस्टर आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेले असतील, त्यांच्याजवळ कोण बसले? पनवेलचे उपजिल्हा रुग्णालयही त्या काळात कोविड रुग्णालय झाले होते. आपण थाळ्या वाजवल्या, फुले उधळली. जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशा सेविकांना मोबदल्यासाठी संपावर जावे लागले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. गौरव बाहेरून आला. पगाराची वाट त्यांनी इथेच पाहिली.

काय केल्याने फरक पडतो

रुग्णालये अलीकडे कर्मचाऱ्यांसाठी ताणमुक्तीची शिबिरे घेतात. श्वासाचे व्यायाम, ध्यान, एखादे व्याख्यान. हे वाईट नाही, थोडा फायदा होतो. पण डॉक्टरांच्या बर्नआउटवरचे अभ्यास एकत्र तपासून पाहिले तेव्हा, व्यक्तीला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलण्याचा परिणाम जास्त दिसला. सलग तीन नाइट करून आलेल्या मुलीला तिच्या सुट्टीच्या दिवशी शिबिराला बोलावणे म्हणजे करपलेल्या भाकरीवर तूप लावणे.

फरक पडतो तो साध्या गोष्टींनी. ड्युटीचा तक्ता महिनाभर आधी लागणे. नाइट संपल्यावर लगेच दिवसपाळी न लावणे. आठवड्याची सुट्टी फोन न येता मिळणे. जेवायला अर्धा तास आणि तेवढ्या वेळापुरता दुसरा माणूस. आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली आणि स्वच्छ संडास. रात्री सुटणाऱ्या बायकांसाठी गाडी. रिकाम्या जागांवर भरती. आणि या सगळ्यात सफाई कामगार, आया, वॉर्डबॉय, रुग्णवाहिकेचा चालक यांची गणती. कंत्राटी कामगाराला तर रजा घेतली की त्या दिवसाचा पगारच जातो. त्याच्यासाठी विसावा ही चैन ठरते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. बोस्टनमधील एक वकील केनेथ श्वार्ट्झ यांचे १९९५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. आजारपणात त्यांना औषधांइतकाच आधार डॉक्टर-परिचारिकांच्या मायेच्या दोन शब्दांनी दिला होता. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठका आज अनेक देशांच्या रुग्णालयांत होतात. ठरावीक दिवशी डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार, कारकून सगळे एका खोलीत बसतात. उपचार बरोबर होते की चूक, ही चर्चा तिथे होत नाही. ‘ते मूल गेले त्या रात्री मला काय वाटले’ हे बोलले जाते. याला इमारत लागत नाही, निधी लागत नाही. एक तास, एक खोली आणि मोठ्या साहेबाने आधी स्वतःचे मन मोकळे करण्याची तयारी लागते. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयांतही हे होऊ शकते.

ज्याला कोणाजवळच बोलता येत नाही, त्याच्यासाठी सरकारची ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येते. सतत झोप न लागणे, कामावर जाताना रडू येणे, चिडचिड, जगण्याचा कंटाळा, ही लक्षणे ईमान कमी झाल्याची नाहीत. त्यांच्यावर इलाज आहे, तो मागावा. डॉक्टरनेही मागावा.

ओझे वाटून घेतले की माणूस किती काळ वाहू शकतो, याचा मुंबईतलाच दाखला आहे. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथेच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. जवळजवळ ४२ वर्षे. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या, ज्यांनी अरुणाताईंना कधी चालताना पाहिलेही नव्हते त्या मुलींनीही त्यांना भरवले. एकटीने हे कोणालाही जमले नसते. पाळी बदलत गेली म्हणून माया टिकली.

मोहल्ल्याने काय करावे

आता थोडे आपल्या दाराशी. मी स्वतःपासून सुरुवात करतो. भाचीची सुट्टी असली की आमच्या खानदानातल्या प्रत्येकाला नेमका त्याच दिवशी रक्तदाब तपासून हवा असायचा. कोणाचा रिपोर्ट वाचून दाखव, कोणाला इंजेक्शन दे, कोणासाठी डॉक्टरांचा नंबर काढ. मी तर रात्रपाळीहून येऊन झोपलेल्या पोरीला दुपारी बारा वाजता फोन करून गोळीचे नाव विचारले आहे. वर रमजानात इफ्तारची भजी तिनेच तळायची, सहेरीला सगळ्यांच्या आधी तिनेच उठायचे. रुग्णालयात रजा नाही म्हणून आम्ही हळहळायचो आणि घरात तिला एका दिवसाचीही रजा नव्हती. रुग्णालयाच्या प्रशासनाला बोल लावण्याआधी हा हिशेब मला माझ्याशी करावा लागला. यंदा सहेरीला मी आणि तिचा भाऊ उठतो. पोळ्या वाकड्या होतात, पण होतात.

मशिदीच्या कमिट्या, तरुणांची मंडळे यांनाही करण्यासारखे पुष्कळ आहे. इफ्तारचे डबे आपण रुग्णांच्या नातेवाइकांना देतो, ते फार चांगले. थोडे डबे संध्याकाळच्या पाळीच्या कर्मचाऱ्यांसाठीही न्यावेत, रोजेदार असो की नसो, मुस्लिम असो की नसो. तरावीहनंतर पंधरा-वीस जणांचे टोळके घेऊन रुग्णाला ‘बघायला’ जाऊ नये; आजाऱ्याची विचारपूस सुन्नत आहे, वॉर्डात गर्दी करणे नव्हे. त्यापेक्षा रुग्णाजवळ रात्री बसणाऱ्यांची पाळी लावावी. ज्याच्याजवळ माणूस आहे, त्या रुग्णाची पाण्याची, कुशीवर वळवण्याची पंचवीस कामे सिस्टरच्या डोक्यावरून उतरतात. रमजानात रक्तदाते कमी होतात, तर इफ्तारनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तदान ठेवावे. आणि कोणी दगावले तर संतापलेल्या जमावाला मागे खेचणारा पहिला हात आपला असावा. दुःखात सब्र करा, हे आपण एरवी सांगतोच. रुग्णालयाच्या दारात तो पाळावा. तक्रार असेल तर लेखी करावी, तिचा पाठपुरावा करावा.

ज्या रोजेदार कर्मचाऱ्याला रात्रपाळीत चक्कर येते, औषधे चालू आहेत किंवा हाताखालच्या रुग्णाच्या जिवाला धोका वाटतो, त्याने मनातल्या मनात कुढू नये. डॉक्टरला विचारावे, जाणत्या आलिमला विचारावे. रुखसत कधी आणि कशी, हे सांगणारे लोक आपल्यात आहेत.

एकाच मुळाचे तीन शब्द

‘रजा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ संमती, खुशी. कचेरीत आपण रजा म्हणतो ती वरिष्ठाची संमती, आणि मशिदीत दुआ मागताना आपण ‘अल्लाहची रजा’ म्हणतो ती त्याची प्रसन्नता. ‘राजी’ हा त्याच घरातला. आणि ‘राजीनामा’ही त्याच घरातला. म्हणून मला वाटते, जिथे वेळेवर रजा मिळते तिथे माणूस राजी राहतो, आणि जिथे रजा मिळतच नाही तिथून एक दिवस राजीनामा येतो. चांगले डॉक्टर, चांगल्या परिचारिका नोकरी सोडून जातात, परदेशी जातात, किंवा जागेवर राहूनही मनाने निघून जातात. तो मनाचा राजीनामा कुठल्याही फायलीत दिसत नाही. तो फक्त रुग्णाला कळतो.

मागच्या गणपतीत भाचीने पाच दिवस सलग ड्युटी केली. तिच्याबरोबरच्या मुलींना घरी आरतीला जायचे होते. या ईदला त्यांतल्याच एकीने तिच्याआधी जाऊन तक्त्यात स्वतःचे नाव तिच्या जागी लिहून टाकले. अर्ज करायची, मान खाली घालायची वेळच आली नाही. भाचीने हे सांगितले तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ‘मामू,’ ती म्हणाली, ‘मी काही मागितलंच नव्हतं.’

ईदच्या नमाजनंतर गळाभेट घेताना जे लोक त्या वेळी वॉर्डात उभे असतील त्यांची आठवण ठेवावी. आणि शीरखुर्म्याचा एक डबा त्या मुलीसाठी बाजूला काढावा, जिने आपल्या ईदच्या दिवशी कोणाच्या तरी लेकीच्या जागी पाळी घेतली आहे. आमच्या घरचा डबा या वेळी मी स्वतः घेऊन जाणार आहे, शिरढोणवरून जाणाऱ्या त्याच एसटीने.